पायपेटीचा आवाज ड्रॉबारवर जुळवताना

नाट्यसंगीताला ऑर्गनचीच साथ हवी, हा आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या ग्रुपचा हट्ट आहे आणि तो मला रास्त वाटतो. पेटीवर पद वाजतं, उत्तम वाजतं. पण ऑर्गनवर पदाचा पहिला तुकडा सुरू झाला की आता नाटकाचा पडदा वर जाणार असंच वाटतं. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली आणि तिच्या पदांनी मराठी कानाला ऑर्गनची जी सवय लावली, ती शंभर वर्षांनंतरही सुटलेली नाही. पुढे पं. गोविंदराव पटवर्धनांनी पेटी आणि ऑर्गन दोन्हींवर जी साथ करून ठेवली, ती ऐकतच माझ्यासारखे वाजवणारे मोठे झाले.

आमच्याकडे ऑर्गन म्हणजे काकांची पायपेटी. काका आमच्यात सगळ्यांत ज्येष्ठ, घंटाळीच्या बाजूला एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. अमेरिकन घडणीचा रीड ऑर्गन, म्हणजे हवेने थरथरणाऱ्या पितळी जिभांवर (रीडवर) वाजणारा, दोन्ही पायांनी भाता मारायचा आणि गुडघ्यांनी बाजूच्या फळ्या ढकलून आवाज उघडायचा. आपल्या पेटीत भाता रीडमधून हवा बाहेर ढकलतो. या ऑर्गनमध्ये भाता हवा आत ओढून घेतो आणि त्याचा सूर पेटीपेक्षा मऊ, गोल येतो. काकांच्या ऑर्गनचे सूर अजून शाबूत आहेत, पण भात्याचं कापड विरलंय, लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि इमारतीला लिफ्ट नाही. गडकरी रंगायतन तिथून चालत जाण्याइतकं जवळ, तरी कार्यक्रमासाठी ऑर्गन उतरवायचा तर चार माणसं आणि टेम्पो लागतो. शेवटी काकांनीच विषय संपवला. "अगं, तू तो विजेवरचा ऑर्गन घे आता. पण आवाज माझ्या पेटीचा निघाला पाहिजे."

घेतला तो ड्रॉबारचा, म्हणजे आत-बाहेर सरकणाऱ्या दांड्यांनी आवाज जुळवायचा, ६१ पट्ट्यांचा, एकाच मॅन्युअलचा, म्हणजे पट्ट्यांच्या एकाच रांगेचा. ड्रॉबारचाच घ्यायचा हे मी आधीच ठरवलं होतं. साध्या कीबोर्डमध्ये 'हार्मोनियम' नावाचा एक आवाज असतो, तो मला कधीच पटलेला नाही. कुणीतरी, कधीतरी, एका ठरावीक जोराने भाता मारून रेकॉर्ड केलेला सूर असतो तो, आणि प्रत्येक पट्टीबरोबर तोच श्वास पुन्हा ऐकू येतो. ड्रॉबारवर आवाज आपण बांधायचा असतो. संगीताच्या प्रारंभिक परीक्षांना नादाचे तीन गुण पाठ केलेले असतात: उंच-नीचता, लहान-मोठेपणा आणि नादाची जात. पहिल्या दोन गोष्टी वाजवताना रोज हाताखालून जातात. तिसरी, म्हणजे एकच 'सा' सतारीचा आहे की बासरीचा हे ज्यामुळे ओळखू येतं ती, प्रत्यक्ष हाताने कमी-जास्त करता येते हे मला या ऑर्गनने दाखवलं.

ही पद्धत लॉरेन्स हॅमंड या अमेरिकन माणसाची. त्याचा ऑर्गन १९३५ मध्ये बाजारात आला. आत मोटरवर फिरणारी दातेरी लोखंडी चाकं आणि प्रत्येक चाकासमोर चुंबक व तारेचं वेटोळं. चाकाचे दाते चुंबकासमोरून जातील तसा विजेचा एक साधा, जवळजवळ शुद्ध सूर तयार होतो. पुढे गाजलेल्या बी-३ मध्ये अशी ९१ चाकं होती. आताच्या ऑर्गनमध्ये चाकं नसतात, चिप त्यांचं काम करते, पण बाहेरचे नऊ ड्रॉबार तसेच राहिले. प्रत्येक ड्रॉबार पूर्ण आत ढकलला की शून्य, पूर्ण बाहेर ओढला की आठ. नऊ दांड्या आणि प्रत्येकीच्या नऊ जागा, म्हणजे ३८ कोटी ७४ लाखांहून जास्त जुळण्या. एवढ्यातून काकांची पेटी शोधायची तर अंदाजाने दांड्या ओढून चालणार नव्हतं.

म्हणून आधी काकांच्या घरी गेले. फोन स्टुलावर ठेवला आणि त्यांना एकेक स्टॉप, म्हणजे आवाजाचा प्रकार निवडायची खुंटी, ओढून तोच 'सा' लांबवर धरायला सांगितलं, मग मध्य 'प', मग तार 'सा'. भाता गळत असल्यामुळे त्यांना पाय जोरात मारावे लागत होते, तरी ते कंटाळले नाहीत. प्रत्येक स्टॉप ओढताना त्याचं नाव सांगत होते: डायपेसन, डल्सियाना, मेलोडिया, व्हायोला. डल्सियाना काढल्यावर हसून म्हणाले, "ही डायपेसनचीच रीडं आहेत बरं का, फक्त झडप कमी उघडते." एकाच रीडचे दोन आवाज, फक्त हवेच्या वाटेतून. हे मला पुढे फार उपयोगी पडलं.

घरी येऊन सगळे ड्रॉबार आत ढकलले आणि एकेक बाहेर काढून ऐकायला बसले. ड्रॉबारवर फुटांचे आकडे असतात, पाइप ऑर्गनच्या नळ्यांच्या लांबीवरून आलेले. १६, ५⅓, ८, ४, २⅔, २, १⅗, १⅓, १. नळी निम्मी झाली की सूर एक सप्तक वर जातो. आकड्यांनी सुरुवातीला काही बोध होत नाही, पण सरगम लावली की सगळं उघड होतं. ८ फुटांचा ड्रॉबार म्हणजे आपण दाबलेला स्वर. तो 'सा' धरला तर १६ फूट म्हणजे खालच्या सप्तकातला सा आणि ५⅓ म्हणजे सा-च्या लगेच वरचा प. ४ म्हणजे तार सा, २⅔ म्हणजे तार सप्तकातला प, २ म्हणजे त्याच्याही वरचा सा, १⅗ म्हणजे त्या सा-वरचा शुद्ध गंधार, १⅓ म्हणजे त्याच सप्तकातला प आणि १ म्हणजे सगळ्यांत वरचा सा. दांड्यांच्या रंगातही हेच आहे. पांढऱ्या दांड्या सगळ्या षड्जाच्या, काळ्या पंचम-गंधाराच्या आणि तपकिरी दोन त्या खाली भर घालणाऱ्या.

तानपुऱ्यासमोर बसून वाढलेल्या माणसाला यात नवीन काहीच नाही. जोडाच्या तारेतून स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारा, गंधार ऐकायला आपण लहानपणीच शिकतो. तो गंधार त्या तारेच्या मूळ कंपनाच्या पाचपट कंपनाचा, म्हणजे तिचा पाचवा उपस्वर असतो आणि १⅗ चा ड्रॉबार हा त्याच जागेचा. सातवा उपस्वर, कोमल निषादाच्या थोडा खालचा, हॅमंडच्या त्या नऊ ड्रॉबारांत नाहीच. सहानंतर एकदम आठवा.

मग रेकॉर्डिंग लावून ऐकत, एकेक दांडी हलवत बसले. फक्त ८, २⅔ आणि १⅗ काढले की पोकळ, लाकडी आवाज येतो, क्लॅरिनेटच्या वळणाचा, कारण क्लॅरिनेटच्याही खालच्या भागात विषम उपस्वरांचाच जोर असतो. तो सुंदर आहे पण पायपेटी नव्हे. रीडमध्ये सम-विषम सगळे उपस्वर असतात, हळूहळू कमी होत जाणारे. म्हणून पांढऱ्या-काळ्या दांड्या उतरत्या क्रमाने लावल्या, डायपेसनच्या जवळ पोचले, आणि तिथेच अडकले. 'सा' धरला की वर कुठेतरी काहीतरी थरथरत होतं. तानपुरा लावला तर जास्तच.

ती थरथर १⅗ ची होती आणि या सगळ्या खटाटोपात मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच. हॅमंडच्या पद्धतीत वरचे उपस्वर वेगळे बनवत नाहीत, त्या-त्या पट्टीचा सूर उसना घेतात. म्हणजे सा-चा पाचवा उपस्वर म्हणून जो वाजतो तो वरच्या सप्तकातल्या 'ग' पट्टीचा टेम्पर्ड, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग करून लावलेला, गंधार. टेम्पर्ड गंधार खऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट चढा असतो (शेजारच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे शंभर सेंट). आमच्या गायिका ताईंचा षड्ज काळी पाचचा, म्हणजे सप्तकातल्या पाचव्या काळ्या पट्टीचा, साधारण २३३ हर्ट्‌झ. त्याचा खरा पाचवा उपस्वर ११६५ च्या आसपास आणि ऑर्गन देतो ११७४ च्या पुढे. दोन्ही एकत्र वाजले की सेकंदाला नऊएक लहरी पडतात, तीच ती थरथर. फोनच्या स्पेक्ट्रम ॲपवर दोन टोकं शेजारी शेजारी उभी दिसली तेव्हा मला फार बरं वाटलं. कान खरं बोलत होता.

काकांची पेटीही टेम्पर्डच लावलेली आहे. पण तिच्या प्रत्येक रीडमधून निघणारे उपस्वर त्या रीडचे स्वतःचे, नेमक्या पटीतले, त्यामुळे ते मूळ स्वरात विरघळतात. टेम्पर्ड गंधाराचा आणि आपल्या कानाचा वाद जुना आहे. हार्मोनियमवरच्या आक्षेपांत तो होता, आणि आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर घातलेली बंदी पुढे तीन दशकं टिकली. पेटीत तो वाद पट्टीपट्टीतला असतो. इथे तर तो एकाच पट्टीच्या पोटात आहे.

यातून रागाचाही विचार करावा लागला. मालकंस घ्या. रे आणि प वर्ज्य, ग, ध, नि कोमल. २⅔ चा ड्रॉबार प्रत्येक स्वरावर पंचमाचं अंतर चढवतो. कोमल ग-वर कोमल नि, म-वर सा, कोमल ध-वर कोमल ग, कोमल नि-वर म. सगळे रागातलेच, फक्त सा-वर तेवढा प ऐकू येतो. पण १⅗ ओढला की सा-वर शुद्ध ग, कोमल ग-वर प, म-वर शुद्ध ध, कोमल नि-वर शुद्ध रे. पाच स्वरांपैकी चारांच्या डोक्यावर रागाबाहेरचा स्वर, तोही चढा! दांडी एक-दोनवर असेल तर हे रंगात मिसळून जातं, वेगळं ऐकू येत नाही. चार-पाचवर गेली की जाणकार श्रोता अस्वस्थ होतो आणि का ते त्यालाही सांगता येत नाही. यमनात मात्र सा-वर ग, रे-वर तीव्र म, प-वर शुद्ध नि अशी सोबत मिळते, तिथे थोडी जास्त चालते. म्हणून मी रागाप्रमाणे दोन जुळण्या ठेवल्या. यमन, बिहाग अशा पदांना २० ८६४४ २२१ आणि भैरवी-मालकंसाला १⅗ पूर्ण आत, म्हणजे २० ८६४४ ०२१. ऑर्गनवाले आकडे असेच लिहितात, आधी तपकिरी दोन, मग चार, मग तीन.

५⅓ मी शून्यावरच ठेवला. जॅझवाले १६, ५⅓ आणि ८ पूर्ण काढून वाजवतात, ८८ ८००० ०००, त्यांच्या संगीतात तो आवाज भारी लागतो. आपल्याकडे एकच स्वर लांबवर धरला जातो आणि त्याच्या इतक्या जवळ वाजणारा पंचम वेगळाच उभा राहतो.

एवढं करूनही रीडची धार येत नव्हती. रीडचे उपस्वर आठव्याच्या कितीतरी पुढे जातात आणि ड्रॉबार तिथे संपतात. त्यावर उपाय निघाला ड्राइव्हच्या बटणात. अँप्लिफायर किंचित तापवला की तो स्वतःच वरचे उपस्वर तयार करतो. पण जरा जास्त झालं आणि सा-प एकत्र धरले की दोन्हींच्या बेरीज-वजाबाकीचे नको ते सूर खाली गुरगुरायला लागतात. मी बटण अगदी सुरुवातीच्या खुणेपाशी ठेवलंय, बंद केल्याशिवाय ते चालू होतं हे कळू नये इतकं.

काकांच्या पेटीत व्हॉक्स ह्युमाना नावाचा स्टॉप आहे. तो ओढला की रीडांच्या तोंडाशी एक पातळ पंखा फिरतो आणि आवाज हलका झुलतो. इलेक्ट्रॉनिक ऑर्गनमध्ये त्या जागी फिरत्या स्पीकरचा परिणाम असतो, डोनाल्ड लेस्ली याने १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला आणलेल्या स्पीकरवरून घेतलेला. त्याच्या दोन गती: संथ, मिनिटाला चाळीस-पन्नास फेऱ्या, आणि जलद, चारशेच्या आसपास. जलद गती आपल्या पदाला अजिबात घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. गाणाऱ्याचं आंदोलन कुठलं आणि यंत्राचं कुठलं ते कळेनासं होतं. संथ गती मध्यलयीतल्या पदांना शोभते, आलापाला तीही बंद.

पर्कशनचं बटण मला फार आवडलं होतं. पट्टी दाबताच दुसरा किंवा तिसरा उपस्वर क्षणभर उसळून विरतो, स्वराला टोक येतं, तुकडे खुलतात. पण मी करंगळीने सा धरून वाजवते, बहुतेक पेटीवाले तसंच वाजवतात, आणि सा धरला की पर्कशन गायब! कारण हॅमंडच्या रचनेत सगळ्या पट्ट्या सोडल्याशिवाय पर्कशन पुन्हा वाजत नाही. एक बोट जरी खाली असलं तरी पुढचे सगळे स्वर त्याच्याशिवाय येतात. शेवटी पट्ट्यांचे दोन भाग केले. डावीकडच्या भागात आधाराचे सा-प, वेगळ्या ड्रॉबारवर, फक्त ८ आणि थोडा ४. उजवीकडे गाणं. आता सलग तानेत पहिलाच स्वर टोकदार येतो आणि पुढचे सरळ निघतात. गळ्याची तानही पुष्कळदा अशीच सुरू होते, त्यामुळे ते मी तसंच ठेवलं.

पट्टी दाबताना येणारी बारीक 'टक्', की-क्लिक, ही मुळात हॅमंडला नको असलेली गोष्ट होती. पुढे वाजवणाऱ्यांना तीच हवीशी झाली. मी ती मध्यम ठेवलीय. रीडला बोलायला किंचित वेळ लागतो, तो मऊपणा राहायला हवा, पण मुरकीतले स्वर एकमेकांत बुडता कामा नयेत.

आवाज बऱ्यापैकी जमल्यावर काकांना बोलावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "रंग आलाय गं. पण ही श्वास घेत नाहीये." पायाखालच्या एक्स्प्रेशन पेडलकडे मी तोवर आवाज लहान-मोठा करायचं साधन म्हणूनच पाहत होते. या ऑर्गनची पट्टी हळू दाबा की जोरात, आवाज तेवढाच, म्हणजे सगळा भाव त्या पेडलवर. काकांनी शेजारी खुर्ची ओढली, पाय माझ्या पायाजवळ ठेवला आणि एक आलाप गुणगुणत ते हवेतच भाता मारत राहिले. ओळ सुरू होताना पाय मागे, शब्दावर हळूच पुढे, ठहरावावर थोडा सोडायचा, आणि समेच्या आधी कधीही पुढे रेटायचा नाही. "सम तबल्याची. तू तिथे फक्त पोचायचं." या एका गोष्टीचा सराव मी अजून रोज करते. पेडल जोरात गेला की आवाज नुसता मोठा होतो, रीडसारखा उजळत नाही. म्हणून उंच जागांवर डाव्या हाताने २ फुटांची दांडी एक पायरी बाहेर ओढते आणि ओळ संपताना परत ढकलते. डल्सियानातून डायपेसनकडे जाणारी झडप, इथे हाताने.

पहिली खरी तालीम पाचपाखाडीतल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. घरी हेडफोनवर गोड लागणारं हॉलमध्ये तसंच राहत नाही, हे तिथे पहिल्या पाच मिनिटांत कळतं. १६ फुटांचा सूर भिंतींवरून घुमून डग्ग्यावर पसरत होता, तबलजी दादांनी मान हलवून खूण केली. तो दोनवरून एकवर आणला, तरी राहिलं, शून्य केला तेव्हा डग्ग्याची घुमक मोकळी झाली. मग वरच्या टोकाचा प्रश्न. ताई तार षड्जावर ठहरल्या की १ फुटाचा सूर त्यांच्या आवाजातल्या चकाकीवर बसत होता. मी मागच्या रांगेत जाऊन ऐकलं, माझ्या विद्यार्थिनीला वाजवायला बसवून. समोर बसून हे कधीच कळलं नसतं: मागे ताईंचे शब्द पुसट होत होते, स्वर नव्हे. १ आणि १⅓ दोन्ही आत ढकलले आणि शब्द परत आले. नाट्यपदात शब्द हरवला तर उरतं काय? ऑर्गनचा स्वतःचा आवाज त्याने थोडा साधा झाला, एकट्याने वाजवताना मला तो कमी वाटतो, पण साथीत तो असाच हवा.

हॉलसाठीच्या जुळण्या त्यामुळे ०० ८६४४ २०० आणि ०० ८६४४ ००० अशा ठरल्या. पदाआधीच्या तुकड्यासाठी मूळची भरदार जुळणी वेगळ्या बटणावर आहे. तुकडा संपून ताई पहिला शब्द उचलतात त्या क्षणी मी बटण बदलते.

सध्या काळी एकमध्ये गाणाऱ्या एका दादांसाठी नवी जुळणी चालू आहे. तिथे षड्ज १३८ हर्ट्‌झच्या आसपास येतो, सगळं बस्तान खाली सरकतं आणि ताईंना शोभणारी दांडी त्यांना पातळ वाटते. ४ फूट सातपर्यंत न्यावा लागेल असं दिसतंय. २⅔ वर अजून कान लावून बसलेय. काका म्हणतात तीनवर ठेव, मला चार बरा वाटतो, रविवारी हॉलमध्ये दोन्ही ऐकून ठरवू.